आईविषयीची पुस्तके आणि आईने लिहिलेली पुस्तके

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे दिले आहे.)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "ग्रंथालयाचे कपाट इतकी वर्षे तुम्ही सांभाळता, तेव्हा यंदा मुलांच्या संगोपनावरील पुस्तकांविषयी तुम्हीच चार शब्द बोला." व्याख्यान देण्याची मला सवय नाही. पण कोणते पुस्तक कोण नेते, किती दिवसांनी परत आणते आणि परत देताना काय बोलते, हे मी दर बुधवारी आणि शनिवारी पाहात आले आहे. तेवढ्या शिदोरीवरच मी आज उभी आहे. काही चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्या कपाटात 'मातृत्व व बालसंगोपन' अशी चिठ्ठी लावलेला एक कप्पा आहे. भाषणाची तयारी म्हणून मी त्यातली सगळी पुस्तके खाली काढली, फडक्याने पुसली आणि सतरंजीवर त्यांचे ढीग लावत बसले. पहिला ढीग झाला आईने काय करावे हे सांगणाऱ्या पुस्तकांचा. गरोदरपणी काय खावे, बाळाला न्हाऊ कसे घालावे, दात येताना काय करावे, मूल हट्ट करू लागले तर कसे वागावे, असली ही पुस्तके. दुसरा ढीग झाला आई किती थोर असते हे सांगणाऱ्या पुस्तकांचा. मग मी तिसरा ढीग लावायला गेले. मूल झाल्यावर आपल्याला स्वतःला काय झाले, काय सोसले, काय चुकले आणि काय कळले, हे आईनेच सांगितलेले पुस्तक. तसे एकही पुस्तक त्या कप्प्यात निघाले नाही.

तशी पुस्तके आपल्या कपाटात नाहीत असे मात्र नाही. ती निघाली, पण 'आत्मचरित्रे' आणि 'निबंध' अशा चिठ्ठ्यांखाली. म्हणजे इतकी वर्षे मीच ती तेथे ठेवत होते, आणि नवी बाळंतीण पुस्तक मागायला आली की तिला हा कप्पा दाखवीत होते.

हा उद्योग मला का सुचला ते सांगते. गेल्या वर्षी आपल्याच आळीतली एक सून तीन महिन्यांचे बाळ आईपाशी ठेवून पुस्तक परत करायला आली. तिचे नाव मी घेणार नाही. ही हकीकत सांगायला तिने मला परवानगी दिली आहे. पुस्तक होते बालसंगोपनाचे, चांगले जाडजूड. मी विचारले, "उपयोग झाला का गं?" ती म्हणाली, "काकू, यात बाळाचं सगळं आहे. माझं काही नाही." मी हसले आणि आपण सगळ्याजणी जे म्हणतो तेच म्हटले, "अगं, बाळाकडे बघितलंस की सगळं विसरशील." ती काही बोलली नाही. वहीत सही केली आणि गेली.

पुढे दीड महिना ती दिसली नाही. मग तिच्या सासूबाईंकडून कळले की तिची झोप उडाली होती, जेवण सुटले होते, बाळ रडले तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि एके दिवशी तिने आईला सांगितले की या बाळाला माझ्याजवळ ठेवू नका, मला माझीच भीती वाटते. तिच्या आईने शहाणपणा केला. अंगारा-धुपारा करीत बसली नाही, त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. आता ती मुलगी बरी आहे, कामावरही जाऊ लागली आहे. पण त्या शनिवारी ती माझ्यासमोर उभी होती, मला काही सांगू पाहात होती, आणि मी तिच्या तोंडावर एक गोड वाक्य टाकून तिला परत पाठवले, हे माझ्या मनातून जात नाही.

डॉक्टर याला बाळंतपणानंतरचे नैराश्य म्हणतात. आपल्याकडे कोणी बाहेरची बाधा म्हणत, कोणी वारे लागले म्हणत, आणि पुष्कळ वेळा बाईच आळशी किंवा निर्दय म्हणून मोकळे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात बाळंत झालेल्या शंभर बायकांपैकी सुमारे १३ जणींना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, गाठते. आपल्यासारख्या विकसनशील देशांत हे प्रमाण जवळजवळ २० पर्यंत जाते. म्हणजे पाच बाळंतिणींत एक. आपण या सभागृहात किती जणी बसलो आहोत ते मोजा, आणि पाचांनी भागून पाहा. पहिल्या काही दिवसांत डोळ्यांना उगीच पाणी येते, ते बहुधा आपोआप ओसरते. पण उदासी दोन आठवड्यांवर टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे. स्वतःला किंवा बाळाला इजा होईल अशी भीती बाईने बोलून दाखवली, तर त्याच दिवशी न्यावे, तिला एकटी ठेवू नये. यात तिचा दोष नसतो आणि त्यावर उपचार आहेत. एवढे जरी आज प्रत्येकीने लक्षात ठेवले तरी माझे बोलणे फुकट गेले नाही असे मी समजेन.

आता पुस्तकांकडे वळते. प्रथम सल्ल्याची पुस्तके.

ती वाचू नयेत असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या घरांतून बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकून देत आणि बाळाला मधाचे बोट चाटवीत. आज डॉक्टर सांगतात की तो चीक बाळाचे पहिले संरक्षण आहे. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजावे, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको. पुस्तकांनी आणि परिचारिकांनी हे घरोघरी सांगितले म्हणून कितीतरी मुले वाचली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि त्या घरोघर जाऊ लागल्या, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. तेव्हा ज्ञान हवेच.

पण सल्ल्याचे पुस्तक आज्ञा करू लागते तेव्हा काय होते, ते मी भोगले आहे. ही माझी स्वतःची गोष्ट आपल्या मंडळात मी कधी सांगितलेली नाही.

माझा थोरला मुलगा १९७४ साली झाला. ज्या प्रसूतिगृहात मी होते, तेथून घरी जाताना हातात एक छापील कागद मिळाला. सहा, दहा, दोन, सहा, दहा. या पाच वेळांना बाळाला पाजायचे, मध्ये नाही, आणि रात्री दहानंतर पहाटेपर्यंत मुळीच नाही. रडले तर रडू द्यावे, सवय लागते. मी शिकलेली सून. तो कागद मी भिंतीला चिकटवला. बाळ साडेअकराला रडू लागे, आणि मी घड्याळाकडे बघत बसे. माझा पदर ओला होई, त्याचा घसा बसे, पण दोन वाजल्याखेरीज मी त्याला घेत नसे. सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहात. त्या सहीपुरत्या शिकलेल्या. एकदा म्हणाल्या, "अगं, घड्याळ प्यायला मागतंय की पोर?" मी त्यांना उलट बोलले. अजून ते बोलणे आठवले की मान खाली जाते.

महिन्याभराने मला काहीच सुचेनासे झाले. बाळाकडे बघून माया येईना. सगळे म्हणत, "किती गोड आहे!" मी मनात म्हणे, हे मूल यांनी घेऊन जावे आणि मला झोपू द्यावे. हे कोणाला सांगणार? आई असून असे वाटणारी जगात मी एकटीच, अशी माझी खात्री होती.

एका रात्री सासूबाईंनी बाळाला माझ्या हातातून घेतले आणि अंधारात बसल्या बसल्या मला सांगितले, "माझ्या थोरल्याच्या वेळी मी एकदा रात्री उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसले होते. का गेले ते मला अजून सांगता येत नाही. मामंजी मागून आले. 'काय करतेस?' म्हणाले. मी म्हटलं, 'पाण्याला आले.' मग कळशी भरून घेतली आणि परत आले. तुला म्हणून सांगितलं. बाहेर बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद भिंतीवरून काढला.

सासूबाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. आज मी त्यांना दिलेला शब्द मोडते आहे. त्या रागावणार नाहीत, असे मला वाटते.

त्या कागदाचा उगम मला पुढे कळला. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांनी १९०७ साली एक संस्था काढून मातांना बालसंगोपन शिकवण्यास आरंभ केला. स्वच्छता, मोकळी हवा आणि दर चार तासांनी दूध, रात्री नाही, ही त्यांची शिकवण. माणूस कळकळीचा होता. लहान मुलांचे मृत्यू कमी व्हावेत म्हणूनच झटला. पण ती शिस्त पुस्तकांतून आणि परिचारिकांच्या शिक्षणातून दूरदूर पसरली, आणि तिचा एक कागद पन्नास-साठ वर्षांनी माझ्या भिंतीपर्यंत आला. आज तेच वैद्यकशास्त्र सांगते की बाळ मागेल तेव्हा पाजावे, रात्रीही. माझ्या सासूबाई तरी दुसरे काय म्हणत होत्या?

अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक १९४६ साली निघाले आणि त्याच्या जगभर पाच कोटी प्रती खपल्या. त्यांनी घड्याळाची सक्ती सैल केली आणि आईला धीर दिला की तुला वाटते त्याहून तुला अधिक कळते. किती मोठे काम केले! पण त्यांच्याच पुस्तकाच्या पुढील आवृत्त्यांतून बाळाला पालथे निजवावे असा सल्ला होता. उताणे निजले तर उलटी घशात अडकेल अशी भीती. पुढे संशोधनात दिसून आले की पालथ्या निजलेल्या बाळांत झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका जास्त असतो. आता सगळीकडे बाळाला उताणे निजवावे असेच सांगतात. तेव्हा सल्ल्याचे पुस्तक घेताना प्रथम ते कोणत्या सालचे आहे ते पाहावे, आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे. तसली पुस्तके जुनी होतात. वीस वर्षांपूर्वीची काही पुस्तके मीच आता कपाटातून काढणार आहे.

आता दुसऱ्या ढिगाविषयी. त्यात सगळ्यांत वरचे नाव अर्थातच 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले आणि १९३५ साली ते छापले गेले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ते पुस्तक वाचून न रडलेली बाई आपल्यात सापडायची नाही. मीही अजून रडते. त्यातली आई नुसती प्रेमळ नाही. ती मुलाला पोहायला शिकावे म्हणून फोकाने मारतेही, कर्जाने गांजते, अपमान गिळते. पण मैत्रिणींनो, ते पुस्तक मुलाने लिहिले आहे. आई गेल्यावर कितीतरी वर्षांनी, तुरुंगात, कृतज्ञतेने भरलेल्या मनाने लिहिले आहे. त्यातली अळणी भाजीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. भाजीत मीठ राहिले, पण तिला वाईट वाटू नये म्हणून जेवताना कोणी बोलले नाही. मुलाला त्यातून मनाचा मोठेपणा शिकायला मिळाला. आता मी म्हातारी झाल्यावर ती गोष्ट वाचते, तेव्हा मला निराळेच वाटते. चुलीपुढच्या त्या बाईच्या मनात त्या दिवशी काय काय होते? तिचे ते पान तिच्या हातचे आपल्याजवळ नाही. गुरुजींनाही ही उणीव जाणवली असावी, असे मला आपले वाटते. कारण त्यांनीच पुढे बायकांच्या तोंडच्या ओव्या खेड्यापाड्यांतून जमवल्या आणि 'स्त्रीजीवन' या नावाने प्रसिद्ध केल्या. जात्यावर बसलेल्या आयांना लिहिता येत नव्हते, पण तान्हे, सासर, भूक, थकवा, सगळे त्यांनी गाऊन ठेवले आहे.

आणि आता तो तिसरा ढीग, जो मला इतर कप्प्यांतून गोळा करावा लागला.

त्यात पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागाने निघाले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. रेव्हरंड टिळक कवी, लहरी, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन येणारे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नवरा आहे आणि नाही, माहेरचे सांभाळतात आणि बोलतातही, मुलाच्या ताटात काय वाढायचे ही चिंता. अशा स्थितीतल्या आईने आपले हसे, आपला राग, आपला वेडेपणा काहीही लपवलेले नाही. पुढे त्यांनी अनाथ मुलांनाही जवळ केले. ज्या मुलीला आपण वाईट आई आहोत असे वाटते, तिच्या हाती मी आता हे पुस्तक देईन. त्यात उपदेश नाही, पण वाचून धीर येतो.

दुसरे आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण', १९४४ सालचे. आनंदीबाई म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया. बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली अण्णांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. अण्णांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि मिळकत, वेळ, अंगचे बळ सगळे तेथे ओतले. स्वतःच्या आयुष्याच्या विम्याची रक्कमही संस्थेच्या नावे केली. जगाने त्यांना महर्षी म्हटले ते योग्यच. पण पदरात लहान मुले असलेल्या बायकोला त्या वेळी काय वाटले असेल? मोठ्या कार्याचा खर्च घरातल्या आईला कसा भरावा लागतो, हे समजायचे असेल तर बायांचे पुराण ऐकावे लागते.

आणि गंमत पाहा. याच बायांच्या सूनबाई म्हणजे डॉ. इरावती कर्वे. त्यांचा 'परिपूर्ती' हा निबंधसंग्रह १९४९ साली निघाला. त्या नावाच्या निबंधात एका सभेत त्यांची ओळख करून देताना अमक्यांची मुलगी, अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी असे सगळे सांगितले जाते, तरी त्यांना काही तरी राहून गेल्यासारखे वाटते. मग रस्त्यात खेळणारी पोरे त्यांच्याकडे बघून ही आपल्या कर्व्याची आई, असे आपसांत म्हणतात, आणि ती ओळख पुरी होते. या निबंधावरून आपल्या वाचन-गटात एकदा भांडण झाले होते, आठवते ना? एकीचे म्हणणे, इतकी विदुषी आणि शेवटी कोणाची तरी आईच! दुसरीचे म्हणणे, अगं, त्या पोरांनी तिला तिच्या मुलामुळे ओळखले, पण आनंद तर तिचा स्वतःचा आहे. ते भांडण मिटले नाही, आणि न मिटो. आईपणाचा आनंद हाही खराच आहे. दुःखाइतकाच तोही आईनेच सांगितलेला बरा.

त्याच घरातले तिसरे नाव म्हणजे बायांचे सावत्र पुत्र रघुनाथराव कर्वे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. मूल केव्हा व्हावे आणि किती व्हावीत हे बाईच्या इच्छेवर असावे, हे सांगण्यासाठी त्यांनी कोर्टकचेऱ्या सोसल्या. त्यांचे सर्वच विचार आपल्याला पटतील असे नाही. पण आज आपल्या लेकी-सुना दोन मुलांत अंतर ठेवतात, त्यामागे या माणसाचे हाल आहेत हे विसरू नये.

आता ज्या दोन पुस्तकांनी मला सर्वांत अस्वस्थ केले त्यांविषयी. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले. नवऱ्याला कळू न देता, कागद लपवून लिहिले; १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातल्या कोवळ्या पोरींची बाळंतपणे त्यांनी सांगितली आहेत. बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात काही नसे. आम्ही डिंकाच्या लाडवांची, अळिवाच्या खिरीची, शेकशेगडीची वर्णने करतो आणि त्याला 'आपली बाळंतपणाची पद्धत' म्हणतो. कोणाची पद्धत? ते प्रकरण वाचल्यावर माझ्या हातातला चहा निवून गेला. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ सालचे. कोकणातली विधवा आई आयदाने, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपे, विणून मुलांना वाढवते. आणि पुढे लेखिका स्वतः आई होते, संसार, नोकरी, पुढचे शिक्षण यांची ओढाताण सांगते. दोन पिढ्यांच्या आया एका पुस्तकात भेटतात.

मुले वाढवणे म्हणजे फक्त आपल्या घरातली मुले वाढवणे नव्हे, हे ज्यांनी शिकवले त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या आणि १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम सुरू झाले. तेथे मोठी बहीण शाळेत येईना, कारण कडेवर धाकटे भावंड. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र केली. बालवाडी मुलांच्या अंगणातच न्यावी, ही अंगणवाडीची कल्पनाही त्यांचीच. १९७५ साली सरकारी योजनेतून अंगणवाड्या देशभर निघू लागल्या, तेव्हा ते नाव सगळ्यांच्या तोंडी झाले. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक आपल्याकडे आहे. आईला कामावर जावे लागते तेव्हा मूल कोण सांभाळते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कष्टाने शोधले. आपल्या लेकी-सुनांपुढे आज तोच प्रश्न आहे.

बापांना मी वगळत नाही. अनिल अवचटांनी 'स्वतःविषयी' मध्ये आपल्या मुलींना कसे वाढवले ते मोकळेपणाने लिहिले आहे. ते पुस्तक घरातल्या पुरुषमंडळींच्या उशाशी अवश्य ठेवावे.

बोलणे लांबले. आता शेवटी दोन सूचना करते आणि संपवते.

पहिली सूचना अगदी साधी. पुढच्या बुधवारपासून त्या कप्प्यात सल्ल्याच्या पुस्तकांशेजारीच ही आयांची पुस्तके ठेवली जातील. नवी बाळंतीण आली तर ती दोन्ही प्रकारची एकेक घेऊन जाईल. तिला वाचायला वेळ नसेल, हे मला ठाऊक आहे. तिच्या घरी जाऊन दुपारी अर्धा तास वाचून दाखवायला मी तयार आहे. आणखी कोणी तयार असेल तर नाव द्यावे. वाचताना बाळ मांडीवर आपण घ्यावे आणि ती झोपली तर तिला उठवू नये.

दुसरी सूचना वहीची. मी एक कोरी दोनशे पानी वही आणली आहे. ती कपाटात राहील. ज्या कोणाला वाटेल तिने आपल्या आईपणातली एक खरी गोष्ट त्यात लिहावी. नाव घालायचे तर घालावे, नको तर नको. थोर गोष्ट हवी असे नाही. मुलाला मारले आणि मग रात्रभर रडलो, परीक्षेच्या गुणांपायी लेकीला नको ते बोललो, सुनेला टोचून बोललो, मूल झाले नाही म्हणून बारशाला बोलावणे आले नाही, आणि पहिल्यांदा 'आई' ऐकले तेव्हा काय झाले, हे सगळे चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून घेईन. सासूबाईंची विहिरीची गोष्ट मी पहिल्या पानावर लिहिली आहे. दुसरे पान माझ्या भिंतीवरच्या कागदाचे आहे.

तिसरे पान ज्या मुलीमुळे हे सगळे झाले तिने काल संध्याकाळी येऊन लिहिले. काय लिहिले ते मी वाचले नाही. वही उघडी आहे, ज्यांना हवे त्यांनी वाचावे. पण वाचून झाल्यावर तिला उपदेश करायला मात्र जाऊ नये, एवढी माझी विनंती आहे.